कंपनीचं पाकीट कोण घेणार? शेतकरी कंपनीच्या रजिस्टर्ड ऑफिसाबद्दल एका जुन्या पोस्टमास्तरच्या सूचना

पस्तीस वर्षं मी आमच्या गावच्या शाखा डाकघराचा पोस्टमास्तर होतो. सरकारी कागदावर ‘ग्रामीण डाक सेवक’, नोकरी चार-पाच तासांची, पण गावाच्या लेखी चोवीस तासांचा मास्तर. डाकघर माझ्याच ओसरीत होतं. पासष्टाव्या वर्षी थैली अन् शिक्के दुसऱ्याच्या हवाली केले. त्याला दोन महिने झाले नसतील तर गावच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या अध्यक्ष ताई दारात उभ्या. म्हणाल्या, “मास्तर, तुमी आता आमच्या ऑफिसात बसा. काम काई नाई, फक्त पाकिटं घ्याची.”

फक्त पाकिटं घ्यायची, हे काम केवढं असतं ते मला ठाऊक होतं. निवृत्तीच्या आदल्या वर्षी याच कंपनीच्या दोन संचालकांना मी स्वतः एकेक स्पीड पोस्ट दिलं होतं. सही घेतली, पाकीट दिलं, सायकल पुढे काढली. आत इंग्रजी कागद. एकाने तो देवळीत ठेवला, दुसऱ्याने बँकेचं काहीतरी असेल म्हणून गादीखाली सारला. ती होती कंपनी रजिस्ट्रारची नोटीस: तुमची कंपनी काम करताना दिसत नाही, तीस दिवसांत उत्तर द्या, नाहीतर तुमचं नाव रजिस्टरमधून काढून टाकू. कंपनीच्या स्वतःच्या पत्त्यावरही तीच नोटीस गेली होती. तो पत्ता होता यवतमाळातल्या एका भाड्याच्या खोलीचा. कंपनी काढून देणाऱ्या सल्लागाराची ती खोली. त्याने ती केव्हाच सोडली होती. पाकीट ‘लेफ्ट’ असा शेरा घेऊन परत गेलं.

कळलं ते बँकेत. कंपनीचे संचालक तूर खरेदीसाठी कर्ज मागायला गेले तर शाखेतल्या साहेबांनी कंपनी मंत्रालयाच्या साइटवर नाव टाकून पाहिलं अन् म्हणाले, तुमची कंपनी तर बंद पडायच्या वाटेवर आहे. तीस दिवसांतले नऊ उरले होते. दोन वर्षांचे हिशेब भरलेले नव्हते. वर्षाला दोन फॉर्म, हिशेबपत्रकांचा एओसी-४ आणि वार्षिक विवरणाचा एमजीटी-७, आणि उशीर झाला की प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये. चार फॉर्म म्हणजे रोज चारशे. या मीटरला वरची मर्यादा नाही. लाखाच्या वर रक्कम गेली, तेव्हा कुठे कंपनीचं नाव रजिस्टरमध्ये शाबूत राहिलं. ३४० कास्तकारांच्या भागभांडवलातले लाख रुपये.

म्हणून हे लिहितो आहे. ज्यांची शेतकरी कंपनी आहे, काढायची आहे, किंवा बचतगटातल्या बायांनी मिळून प्रायव्हेट लिमिटेड करायची ठरवली आहे, त्यांच्यासाठी.

कायदा काय म्हणतो ते आधी. कंपनी कायदा २०१३, कलम १२. नोंदणी झाल्यापासून तीस दिवसांच्या आत आणि त्यानंतर कायम, कंपनीचं एक रजिस्टर्ड ऑफिस असलंच पाहिजे. कसं ऑफिस? तिथे टेबल हवं, एसी हवा, असं काही कायदा म्हणत नाही. कंपनीच्या नावे येणारी पत्रं आणि नोटिसा जिथे घेता येतील आणि घेतल्याची पोच देता येईल असं ठिकाण, एवढंच म्हणतो. मी हे कलम पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, हे कुण्या पोस्टमननेच लिहिलं असावं.

माझा पुतण्या अमेरिकेत टेक्सासला असतो. त्याने तिकडे मसाल्यांची छोटी कंपनी काढली. फोनवर सांगत होता, काका, इथे ‘रजिस्टर्ड एजंट’ नेमल्याशिवाय कंपनी नोंदवतच नाहीत. त्या राज्यात खरा रस्त्यावरचा पत्ता असलेला माणूस किंवा संस्था, जी कामाच्या वेळेत जागेवर असेल आणि कोर्टाचं समन्स हातात घेईल. पोस्टाची पेटी चालत नाही. एजंटची आधी संमती लागते. डेलावेअर राज्यात नोंदलेली कंपनी टेक्सासात धंदा करायला आली, तर टेक्सासात वेगळी नोंद अन् वेगळा एजंट. आणि एजंट नसलाच किंवा सापडलाच नाही, तर समन्स राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे देतात, अन् ते कंपनीला पोचलं असं धरतात. पुतण्या अशा एजंटाला दरवर्षी शंभराच्या वर डॉलर मोजतो. मी म्हटलं, बाप्पा, हेच काम मी इथे ओसरीत बसून पस्तीस वर्षं केलं!

आपल्याकडे गावातल्या कंपनीला असा एजंट नेमायला लागत नाही. परदेशी कंपनी भारतात धंदा मांडते, तेव्हा मात्र तिला तीस दिवसांत भारतात राहणाऱ्या एखाद्या माणसाचं नाव-पत्ता द्यावा लागतो, जो तिच्या वतीने नोटिसा घेईल. देशी कंपनीला माणसाचं नाव विचारत नाहीत, जागा विचारतात. आणि इथेच आपली लोकं चुकतात. जागा देतात, माणूस ठेवत नाहीत.

आता जागा कुठली द्यायची. सल्लागार म्हणेल, जिल्ह्याच्या ठिकाणचा पत्ता द्या, कागदं सोपी पडतात. ऐकू नका. प्रोड्युसर कंपनीची, म्हणजे आपल्या शेतकरी उत्पादक कंपनीची, वार्षिक सर्वसाधारण सभा रजिस्टर्ड ऑफिसात, किंवा ते ऑफिस ज्या गावात-शहरात आहे तिथेच दुसऱ्या एखाद्या जागी घ्यावी लागते. सार्वजनिक सुट्टी सोडून, कामकाजाच्या वेळेत. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एकूण सभासदांच्या एक चतुर्थांश. आमचे सभासद ३४०, म्हणजे माणसं लागतात ८५. ऑफिस यवतमाळला असताना ही पंच्याऐंशी माणसं साठ किलोमीटर न्यायची कशी? एक मिनीबस केली, बाकीचे एसटीने. सोयाबीन काढणीला आलेलं, मजूर वावरात उभे, अन् हे सगळे यवतमाळच्या मंगल कार्यालयात घड्याळ बघत बसलेले. एक म्हातारे कास्तकार तर चिडलेच: “काहून बाप्पा, कंपनी आपली, माल आपला, अन् मिटिंग त्या सिमेंटाच्या खोलीत काहून?” त्या सभेत पहिला ठराव हाच घेतला की ऑफिस गावात आणायचं.

ऑफिस ज्या गावात-शहरात आहे त्याच्या हद्दीबाहेर हलवायचं तर विशेष ठराव लागतो. म्हणजे विरोधात जितकी मतं पडतील त्याच्या तिप्पट तरी बाजूने हवीत, आणि सभेच्या नोटिशीतच ‘हा विशेष ठराव म्हणून मांडला जाईल’ असं लिहिलेलं असावं लागतं. मग तीस दिवसांत एमजीटी-१४ हा ठरावाचा फॉर्म, आणि नवा पत्ता कळवणारा आयएनसी-२२, तोही तीस दिवसांत. एकाच गावात या गल्लीतून त्या गल्लीत जायचं असेल तर संचालक मंडळाचा ठराव पुरतो, पण आयएनसी-२२ चुकत नाही. दुसऱ्या रजिस्ट्रारच्या हद्दीत किंवा दुसऱ्या राज्यात जायचं तर मामला लांबचा आहे, वरून परवानगी लागते. त्याची गरज तुम्हाला बहुतेक पडणार नाही.

गावात म्हणजे गावात. वावरातल्या गोदामाचा पत्ता देऊ नका. तिथे घर क्रमांक नसतो, पावसाळ्यात पांदण रस्त्यात गुडघाभर चिखल असतो, आणि पोस्टमन तिथवर जात नाही, तो गावात कुणाच्या तरी हाती पाकीट देऊन मोकळा होतो. मीही दिली आहेत तशी, आता कबूल करायला हरकत नाही. राहतं घर चालतं. ओसरीतली एक खोली चालते. फक्त तिथे दिवसभर माणूस असावा.

कागदं. खरा वैताग इथे आहे, म्हणून सावकाश सांगतो.

जागा कंपनीच्या नावाची असेल तर खरेदीखत जोडायचं. भाड्याची असेल तर कंपनीच्या नावे केलेला भाडेकरार, नोटरी केलेला, आणि भाड्याची पावती, ती महिन्याभरापेक्षा जुनी नको. कुणा संचालकाने फुकट खोली दिली असेल तर मालकाचं संमतीपत्र आणि मालकीचा पुरावा. या तिन्हींपैकी जे असेल त्यासोबत त्या जागेचं लाइट बिल, गॅसचं किंवा टेलिफोनचं बिल; ते दोन महिन्यांपेक्षा जुनं नको, आणि त्यावर मालकाचं नाव व पत्ता दिसायला हवा.

आता आपल्या गावातली लाइट बिलं आठवा. अर्ध्या घरांची बिलं वारलेल्या आजोबांच्या नावावर येतात. पत्त्याच्या जागी नुसतं नाव अन् गाव. आमच्या ऑफिसची खोली ज्यांच्या घरात, त्यांचंही तसंच. घरटॅक्सची पावती मुलाच्या नावाने, बिल आजोबांच्या, अन् ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे घरांच्या कर आकारणीच्या नोंदवहीत, तिसरंच: वडिलांचं नाव, तेही अर्धं. सीएने तिन्ही कागदं पाहिली अन् हात जोडले.

तर आधी हे करा. ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा काढा, त्यात घर क्रमांक आणि मालकाचं नाव बरोबर आहे का बघा. चुकलं असेल तर वारस नोंद लावून घ्या. गावाचं ड्रोनने मोजमाप झालं असेल आणि मिळकत पत्रिका हाती आली असेल, तर ती सगळ्यात चांगली. मग महावितरणकडे बिलावरचं नाव बदलायचा अर्ज करा. ऑनलाइन होतो, तालुक्याच्या कार्यालयातही होतो. नवीन नावाचं बिल हाती आल्यावरच कंपनीचा फॉर्म भरायला घ्या. याला वेळ लागतो. आम्हाला दीड महिना लागला. पण उलट्या क्रमाने केलं तर फॉर्म परत येतो, शुल्क पुन्हा, अन् तीस दिवसांची मुदत दाराशी उभी.

फॉर्मवर एका संचालकाची डिजिटल सही लागते, आणि सीए किंवा सीएसचं (कंपनी सेक्रेटरीचं) प्रमाणपत्र. ऑफिसचे फोटो लागतात, बाहेरून एक आणि आतून एक. आतल्या फोटोत सही करणारा संचालक स्वतः दिसला पाहिजे. अक्षांश-रेखांशही भरायला लागतात. मोबाइलच्या नकाशावर खोलीवर बोट दाबून धरलं की आकडे येतात. खोलीवरच दाबा, मारोतीच्या पारावर नाही. आमच्या पोरांनी पहिल्यांदा पार दाखवला होता, तिथे नेटवर्क बरं येतं म्हणून.

पत्ता लिहिण्याबद्दल माझं जरा जास्त ऐका, हा माझा प्रांत आहे. ‘मु. पो.’ हे दोन शब्द लोकं सवयीने एकत्र लिहितात. मु. म्हणजे मुक्काम, तुम्ही राहता ते गाव. पो. म्हणजे पोस्ट, ज्या गावच्या डाकघरातून तुमची डाक वाटली जाते ते. दोन्ही एकच असेल तरच ‘मु. पो.’ लिहा. तुमच्या गावात डाकघर नसेल तर ‘मु. अमुक, पो. तमुक’ असं वेगळं लिहा, नाहीतर पाकीट भलत्याच थैलीत जातं. आमच्या जिल्ह्यात बोरगाव, वडगाव, पिंपरी ही नावं तालुक्या-तालुक्यात सापडतात. तालुका आणि पिनकोड लिहिल्याशिवाय पाकीट कुठल्या बोरगावला जाईल सांगता येत नाही. पिनकोड तुमच्या डाकघराचा लिहा, तालुक्याच्या मोठ्या डाकघराचा ठोकून देऊ नका. घर क्रमांक, वॉर्ड, ‘अमुक यांच्या घरी’ हेही लिहा. आणि एकदा जसा लिहिला तसाच सगळीकडे लिहा: कंपनीच्या फॉर्ममध्ये, जीएसटीत, पॅनवर, बँकेत, लेटरहेडवर. एका ठिकाणी ‘वॉर्ड नं. २’ आणि दुसरीकडे ‘हनुमान वॉर्ड’ झालं की पुढे कुणीतरी अधिकारी विचारतो, ही दोन ऑफिसं आहेत का?

बोर्ड लावायचा. बाहेर, सहज दिसेल असा. कंपनीचं पूर्ण नाव आणि रजिस्टर्ड ऑफिसचा पत्ता. कायदा म्हणतो, त्या भागात जी भाषा चालते त्या भाषेच्या अक्षरांतही हवा. म्हणजे आपल्याकडे मराठीत हवाच. राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीनेही हेच आलं, मराठी अक्षरं देवनागरीत आणि दुसऱ्या भाषेपेक्षा लहान नकोत. जीएसटी असेल तर जीएसटी क्रमांकही बोर्डावर. डाळ मिल, खरेदी केंद्र, जिथे जिथे कंपनीचा धंदा चालतो त्या प्रत्येक जागी असा बोर्ड लागतो. लेटरहेड, बिलबुक आणि नोटिशीवर नाव-पत्त्यासोबत एकवीस अक्षरांचा सीआयएन (कंपनीचा नोंदणी क्रमांक), फोन आणि ईमेल छापा. आमच्या पेंटरने कंपनीच्या नावातलं ‘प्रोड्युसर’ गाळून नुसतं ‘फार्मर कंपनी लिमिटेड’ रंगवलं होतं, जागा पुरली नाही म्हणे. पुन्हा रंगवून घेतलं. नाव नोंदणीत आहे तसंच हवं.

हे सगळं नाही केलं तर? कलम १२ चा दंड रोज १,००० रुपये, जास्तीत जास्त १ लाख. कंपनीला वेगळा, दोषी संचालकाला वेगळा. प्रोड्युसर कंपनीला आणि छोट्या कंपनीला दंड निम्म्यापेक्षा जास्त लावता येत नाही, एवढी सवलत कलम ४४६बी मध्ये आहे. त्या सवलतीच्या भरवशावर राहणारेही मी पाहिले आहेत.

रजिस्ट्रारला संशय आला तर तो प्रत्यक्ष जागा तपासायला माणूस पाठवू शकतो. २०२२ पासून त्याचा नियम पक्का झाला आहे: गावातले दोन स्वतंत्र साक्षीदार घ्यायचे, तुम्ही जोडलेल्या कागदांची पडताळणी करायची, फोटो काढायचे. अशा वेळी खोलीला कुलूप दिसलं, शेजाऱ्याने ‘कंपनी? इथं कोनती कंपनी नाई’ म्हटलं, की संपलं. म्हणून शेजारच्या दोन घरांना, सरपंचांना आणि कोतवालाला सांगून ठेवा की ऑफिस इथे आहे.

आता जो भाग कुठल्याच फॉर्ममध्ये नाही तो. पाकीट घेणारा माणूस.

गावच्या डाकघरात कंपनीच्या लेटरहेडवर एक अधिकारपत्र देऊन ठेवा: कंपनीच्या नावे येणारी सगळी डाक घ्यायला अमुक अमुक यांना अधिकार आहे, नमुना सही सोबत. एक नाव पुरत नाही, दोन द्या. एक जण लग्नाला, तेरवीला, दवाखान्यात जाणारच. ऑफिसात आवक रजिस्टर ठेवा. तारीख, वेळ, कुणाकडून, पाकिटावरचा नंबर, कुणाच्या हाती दिलं, त्याची सही. पाकीट फोडल्यावर लिफाफा फेकू नका, पत्रालाच टाचून ठेवा. कुठल्या तारखेला पोचलं हे शिक्क्यावरूनच सिद्ध होतं, आणि मुदत तिथून मोजतात.

पाकीट नाकारू नका. हे मी पस्तीस वर्षं लोकांना सांगत आलो. गावात समज आहे की नोटीस घेतलीच नाही तर ती लागू होत नाही. सावकाराची नोटीस, कोर्टाचं समन्स, पोस्टमन दिसला की मागच्या दाराने वावरात. उलटं आहे. १८९७ च्या जनरल क्लॉजेस कायद्यात कलम २७ आहे: बरोबर पत्त्यावर, टपाल भरून, रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं की ते पोचलं असं धरतात. ‘रिफ्यूज्ड’ असा माझा शेरा म्हणजे तुम्हाला पाकीट मिळाल्याचा पुरावाच. घरी नसाल तर पोस्टमन चिठ्ठी सोडतो आणि पाकीट सात दिवस डाकघरात थांबतं. त्या सात दिवसांत जाऊन घ्या. आता रजिस्टर पोस्ट वेगळं राहिलेलं नाही, २०२५ मध्ये ते स्पीड पोस्टातच मिसळलं, त्यामुळे स्पीड पोस्ट म्हणजे नुसती राखी किंवा नोकरीचा कॉल असं समजू नका.

इंग्रजी पाकीट आलं की त्याच दिवशी फोडायचं, फोटो काढायचा, संचालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि सीएला पाठवायचा. फोटोखाली मी मराठीत एकच ओळ लिहितो: कुणाचं आहे, किती दिवसांची मुदत आहे. बाकी समजलं नाही तरी चालतं. देवळी अन् गादीखालची दोन पाकिटं मला अजून विसरत नाहीत. मी ती वाचून दाखवायला हवी होती, असंही रात्री वाटतं. पण पोस्टमनने दुसऱ्याचं पाकीट वाचायचं नसतं.

पत्त्याइतकाच महत्त्वाचा ईमेल आणि मोबाइल नंबर. कायद्याने नोटीस ईमेलनेही देता येते. आमच्या कंपनीचा नोंदलेला ईमेल त्या सल्लागाराचा स्वतःचा होता, मोबाइलही त्याचाच. सगळे ओटीपी त्याच्याकडे. नवीन ईमेल काढा, कंपनीच्या नावाने. पासवर्ड दोन संचालकांकडे आणि बंद लिफाफ्यात ऑफिसच्या कपाटात. जीएसटीच्या नोटिसा तर पोर्टलवर येऊन बसतात, कुणी दार वाजवत नाही. आमची कंपनी सभासदांकडून कापूस घेते. कच्च्या कापसावरचा कर खरेदीदारानेच भरायचा असतो, त्यामुळे उलाढाल कमी असली तरी जीएसटी नोंदणी घ्यावीच लागली. नोंदणी रद्द का करू नये अशी नोटीस आली तर उत्तराला कामाचे सात दिवस मिळतात. म्हणून दर सोमवारी आमची हिशेबनीस मुलगी पोर्टल उघडून पाहते, आणि आवक रजिस्टरमध्ये लिहिते: ‘पोर्टल पाहिले, काही नाही.’ त्या ‘काही नाही’ला मी टपाल नसलेल्या दिवसाइतकाच मान देतो.

पत्ता बदलला की नुसता आयएनसी-२२ भरून थांबू नका. जीएसटीत पंधरा दिवसांत बदल कळवायचा. पॅन, टॅन (टीडीएसचा नंबर), बँक, उद्यम (लघुउद्योगाची नोंदणी), अन्न परवाना ही पुढची रांग. बियाणं-खताचे परवाने तर जागेवरच असतात. दुकान हललं की आधी कृषी विभागाकडून परवान्यातला पत्ता बदलून घ्या, मगच माल हलवा.

दुसऱ्या राज्यात धंदा करणाऱ्यांचं एक राहिलं. आमची तूरडाळ आदिलाबादला जाते, तेलंगणात. इथून बिल फाडून पाठवली तर महाराष्ट्राच्या जीएसटीवरच काम भागतं. पण आदिलाबादला गोदाम घेऊन तिथून विकायची ठरवली, की तेलंगणाची वेगळी जीएसटी नोंदणी, तिथला पत्ता, तिथला बोर्ड. कंपनीचं रजिस्टर्ड ऑफिस मात्र एकच राहतं, इथलं. गोदामाचा विषय सभेत निघाला तेव्हा सगळे भाडं किती, हमाली किती विचारत होते. मी एवढंच विचारलं की तिकडे पाकीट कोण घेईल. कुणी काही बोललं नाही, आणि विषय पुढच्या सभेवर गेला.

नवीन कंपनी काढणाऱ्यांनी पत्त्याची कागदं नोंदणीच्या अर्जासोबतच जोडावीत, म्हणजे आयएनसी-२२ वेगळा भरायला लागत नाही. आणि नोंदणीनंतर १८० दिवसांत धंदा सुरू केल्याचं जाहीरपत्र, आयएनसी-२०ए, द्यायचं विसरू नका. भागभांडवल बँकेत आल्याचा पुरावा त्याला लागतो.

आमच्या अधिकारपत्रात सध्या पहिलं नाव माझं आणि दुसरं त्या हिशेबनीस मुलीचं आहे. चांगली तयार झाली आहे. पाकीट हातात घेतलं की आधी मागचा शिक्का वाचते. परवा तिच्या घरी नागपूरहून पाहुणे येऊन गेले, अन् जमलं म्हणतात. म्हणजे उन्हाळ्याच्या आत डाकघरात नवीन अधिकारपत्र द्यावं लागेल. तिसरं नाव कुणाचं घालावं, यावर मंगळवारच्या बैठकीत बोलायचं आहे.